आधी गाडी, मग खुर्ची: खानदेशातून सिंफनी ऐकायला जाताना

चायकोव्हस्की किंवा ब्राह्म्ससारखा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतकार पूर्ण ऑर्केस्ट्रावर समोर बसून ऐकायचा, तर आपल्याला मुंबई गाठावी लागते. २००६ साली सुरू झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्राच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये वाजवतो. तिकिटं त्यांच्या वेबसाइटवर, बुकमायशोवर आणि तिथल्या खिडकीवर मिळतात. सभासदांना बुकिंग आधी खुलं होतं, त्यामुळे स्वस्तातल्या चांगल्या जागा लवकर जातात. पैसे भरण्याआधी कार्यक्रमाच्या नावात 'चेंबर' हा शब्द आहे का तेवढं पाहा. चेंबर म्हणजे मोजके वादक. सत्तर-ऐंशी जणांचा तो भरलेला आवाज तिथे नसतो.

तारीख कळली की आधी रेल्वे बघायची. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि रद्द केलं तर थोडी कपात होऊन पैसे परत येतात. कार्यक्रमाच्या तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. म्हणून गाडी कन्फर्म झाली की मगच खुर्ची.

खरी अडचण परतीची. कार्यक्रम दोन तासांच्या आसपास चालतो: आधी ओव्हर्चर म्हणजे सुरुवातीची छोटी रचना, मग व्हायोलिन किंवा पियानोचा कॉन्चेर्टो म्हणजे एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा, मध्यंतर, आणि अनेक भागांची मोठी रचना, म्हणजे सिंफनी, सगळ्यात शेवटी. सातला सुरू झालेला कार्यक्रम नऊच्या पुढे संपतो, म्हणजे आठच्या सुमाराची अमरावती एक्स्प्रेस गेलेली असते. नऊ-साडेनऊच्या गाडीसाठी मध्येच उठणारे नेमकी सिंफनीच घालवतात. भुसावळला थांबणारी महानगरी मध्यरात्रीनंतर सुटते, ती सोयीची. फक्त तिचं तिकीट पुढच्या तारखेचं काढायचं. शनिवारच्या कार्यक्रमाला शनिवारचीच तारीख टाकली, तर गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. रविवारी पाचचा कार्यक्रम असेल, तर मात्र अमरावती एक्स्प्रेस आरामात मिळते.

आता जागा. पुढच्या तीन-चार रांगा घेऊ नका. तिथे जवळची व्हायोलिनं कानावर येतात, आणि मागची ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न ही फुंकवाद्यं दिसतही नाहीत. पियानोवादकाचे हात बघायचे असतील तर प्रेक्षागृहाची डावी बाजू, कारण कळफलक तिकडे असतो. पण झाकण प्रेक्षकांच्या दिशेने उघडतं, आणि आवाज मधून किंवा किंचित उजवीकडून जास्त भरीव येतो. सिंफनीसाठी आमची पसंती बाल्कनीची मधली जागा. स्वस्त असते आणि सगळा मंच पायाखाली दिसतो.

वरून काय मिळतं, ते चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीत (१८९३) बघा. शेवटच्या भागाची सुरुवातीची धून पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनांत वाटून दिलेली आहे, एक स्वर यांचा, पुढचा त्यांचा. दोन्ही गटांपैकी कुणाच्याच कागदावर ती धून सलग नाही. ती जुळते ती ऐकणाऱ्याच्या कानात. समोर सगळे गज हलताना दिसत असतात आणि धून मात्र कुणा एकाची नसते, हे बघताना अंगावर काटा येतो.

याच सिंफनीत सगळे भाग संपण्याआधीच टाळ्या वाजवण्याची चूक हमखास होते. तिसरा भाग इतका दणक्यात संपतो की सभागृह टाळ्या वाजवतं, आणि तो शोकाचा चौथा भाग त्या गलक्यात सुरू होतो. जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवात गाण्यातल्या चांगल्या जागेला लगेच दाद देतो, ती सवय इथे आवरायची. किती भाग आहेत ते कार्यक्रमपत्रिकेत वाचून बोटांवर मोजत राहा. चौथा भाग चेलो आणि डबल बासवर विझत जातो, आवाज कधी थांबला ते कळतही नाही. कंडक्टरचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबा. थिएटरपासून सीएसएमटी टॅक्सीने जवळच आहे, आणि महानगरीला अजून पुष्कळ वेळ असतो.