पेठ की कॅम्प

दुपारचं आवरून जरा लवंडले, तेवढ्यात नणंदेचा व्हॉट्सॲप. दोन फोटो आणि खाली एकच ओळ : 'यातली कुठली घेऊ?' पहिल्या फोटोत पुण्याच्या पेठांमधली सकाळची खाण्याची फेरी : मिसळ, मंडई, तुळशीबाग, बाकरवडी, शेवटी अमृततुल्य. दुसऱ्यात संध्याकाळची, कॅम्पातली : बन मस्का, बेकऱ्या, इराणी चहा, पारशांचं धनसाक. तीन तास, सोबत माहिती सांगणारा गाईड, पायात आरामशीर चपला घालाव्यात.

ताई इंदूरला दिलेल्या. तिथे सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात, मध्यरात्र उलटली तरी गर्दी हलत नाही. त्या गावच्या बाईला खायला न्यायला पैसे देऊन माणूस लागावा? आणि आम्ही काय मेलो आहोत?

हे अर्थात मी लिहिलं नाही. 'बघून सांगते' एवढंच लिहिलं.

खरं म्हणजे आम्ही पाहुण्याला पुणं दाखवतो असं आम्हाला उगाच वाटतं. आम्ही आपापली चार दुकानं दाखवतो. सासरे, म्हणजे अण्णा, बेडेकरांच्या मिसळीचे. गोडसर रस्सा, सोबत ब्रेडचे तुकडे, की यांचा रविवार सुरू. माझा मामा वैद्यांचा. तिथे लाल तवंग नाही, हिरवी मिरची आणि आल्याचा रस्सा. लग्नाच्या बोलणीत हुंड्यावरून नाही, पण मिसळीवरून दोघांत जरा ताणलं होतं. पुढे कितीही वेळा भेटले तरी एकमेकांच्या मिसळीला मिसळ म्हटलं नाही दोघांनी. असल्या घरात आलेल्या पाहुण्याने निवड कशाची करायची? घरातलं मोठं माणूस नेईल तिकडे जायचं आणि 'वा' म्हणायचं.

गाईडला ही बंधनं नाहीत, हा त्याचा फायदा. माझी अडचण वेगळी आहे. खाताना कुणी इतिहास सांगितलेला मला चालत नाही. मध्यंतरी मंडईत असाच एक घोळका पाहिला. हातात कागदी वाट्या आणि समोर गळ्यात ओळखपत्र घातलेला मुलगा इमारतीकडे हात करून बोलतोय. एका बाईने चमचा तोंडापर्यंत नेऊन तसाच धरलेला, बिचारीला वाटत असावं की बोलणाऱ्याच्या समोर चावू नये. शेव डोळ्यांदेखत मऊ पडत होती. मिसळीला वेळ फार थोडा असतो. शेव रश्शात बसायच्या आत पहिले घास गेले पाहिजेत, मग नाक वाहायला लागतं, मग मान वर न करता सँपल, म्हणजे जादा रस्सा, मागायचं. यात सभ्यतेला जागा कुठे आहे?

पण तो मुलगा सांगत होता ते ऐकत मात्र राहिले. मंडई 1886 ची, तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे, म्हणून रे मार्केट. जोतीराव फुले नगरपालिकेत होते आणि या इमारतीवरच्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. आता तिला नाव त्यांचंच. जन्मभर त्या अष्टकोनी मनोऱ्याखाली मी कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालत आले. त्या दिवशी लिंबं फार सावकाश निवडली.

कॅम्पाचं आमच्याकडे वेगळंच. आजी शेवटपर्यंत 'लष्कर' म्हणायची. सदाशिव पेठेतून तिथे जाणं म्हणजे गाव ओलांडणं. बाबा वर्षातून एखाद्या वेळी ईस्ट स्ट्रीटला कयानी बेकरीत जायचे, तेही कचेरीत काही चांगलं घडलं तर. सायकलच्या हँडलला दोऱ्याने बांधलेला पुठ्ठ्याचा खोका लटकवून यायचे. ते जिन्यात असतानाच लोण्याचा वास वर यायचा. आई बिस्किटं मोजून डब्यात भरायची आणि डबा फडताळात सगळ्यात वर, देवाच्या तेलाशेजारी. श्रूजबरी बिस्किटात अंडं असतं का, हे आजीने कधी विचारलं नाही आणि बाबांनी आपणहून सांगितलं नाही. ती आपल्या पितळी ताटलीत एक वेगळं घ्यायची, चहात बुडवायची, आणि ते हमखास कपात पडायचं. मग चमच्याने तळ खरवडत, आमच्याकडे पाठ करून, सगळं संपवायची. पाठ का करायची कोण जाणे.

तर मी त्या फेरीवाल्यांना फोन लावला. किती माणसं नेता, कुठे बसायला मिळतं का, प्रत्येकाला वेगळं देता की एका प्लेटीत चौघे, धनसाकच्या थांब्यावर शाकाहारी माणसाने काय करायचं (ताईंचे यजमान अंड्यालाही शिवत नाहीत), एखादं दुकान बंद निघालं तर काय. असल्या फेरीत खाण्यापेक्षा उभं राहणं जास्त असतं आणि ताईंचे गुडघे आता पूर्वीचे नाहीत. मुलगा शांतपणे सगळ्याची उत्तरं देत होता. बहुधा पुण्याचाच.

मग ताईंना फोन केला आणि न राहवून म्हटलंच, "ताई, अहो, तुमचं माहेर आहे हे. जन्म गेला तुमचा नारायण पेठेत."

"जन्म कुठला गं, वीस वर्षं," त्या म्हणाल्या. "आणि नंतर आले ती आईच्या स्वयंपाकघरातच. साटोऱ्या करायला बस, पापड लाटायला बस. बाहेर खायचं ते अण्णा आणि तुझा नवरा. आम्हा बहिणींना घरी पुड्या यायच्या. मंडईच्या पलीकडचं पुणं मी रिक्षातून बघितलंय."

यावर काय बोलणार. सासूबाई गेल्यापासून ताई आमच्याकडे फारशा आल्याही नाहीत. या खेपेला हॉटेलात उतरणार आहेत, हेसुद्धा मला त्याच फोनवर कळलं. 'तुला कशाला उगाच त्रास' म्हणाल्या. मी राहायला याच असं म्हटलं, पण एकदाच म्हटलं.

कॅम्पाची घ्या म्हणून सांगितलं, संध्याकाळची. मिसळ काय, मी घरी करीन. आणि त्या फेरीत आणखी एक जागा माझ्या नावाने टाकली. यांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "आणि माझ्या जेवणाचं?"

अण्णांचा मुलगा आहे. बाहेर खायला त्याला कुणी शिकवायला नको.