फायलमच्या रकान्यात काय लिहावं?

आमच्या परभणीकडं कुठंही खणा, काळा पाषाणच लागतो. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात समुद्रातली कवचं कुठली सापडायची? म्हणून एम.एस्सी.च्या जीवाश्मांवरच्या प्रकल्पाला सरांनी विभागातल्या कपाटातला मसुरीजवळच्या ताल शैलसमूहाचा नमुना दिला. कँब्रियन कालखंडाच्या सुरुवातीचा, म्हणजे 50 कोटी वर्षांहून जुना.

दगडाचे तुकडे सौम्य ॲसेटिक आम्लात ठेवले की कार्बोनेट विरघळतं, फॉस्फेट उरतं आणि त्यातच जीवाश्म असतात. मग चाळणीवर धुणं, वाळवणं आणि ओल्या कुंचल्यानं सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण वेचणं. मान मोडते, दुसरं काही नाही.

खरी कसोटी पुढं. नळीला लांबीभर तीन खोबणी दिसल्या की ॲनाबराइट्स नावाचे जीवाश्म, ते लगेच वेगळे काढता आले. उरले ते शेंगदाण्याच्या पुडीसारखे निमुळते शंकू, म्हणजे हायोलिथ या नामशेष समुद्री प्राण्यांची कवचं. यांचे दोन गण, हायोलिथिडा आणि ऑर्थोथेसिडा. हायोलिथिडांच्या तोंडाची एक कड ओठासारखी पुढं आलेली असते आणि झाकणाजवळून दोन वाकडे काटे बाहेर निघतात. त्या काट्यांना ‘हेलन’ म्हणतात. वॉलकॉट या जीवाश्मशास्त्रज्ञानं आपल्या मुलीचं नाव दिलं! ऑर्थोथेसिडांना ना ओठ, ना काटे. पण माझ्याकडं मूळ कवच नव्हतंच, आत भरलेल्या फॉस्फेटचा साचा तेवढा होता. बहुतेकांची तोंडं तुटलेली, झाकण एकाचंही नाही.

त्यात नोंदवहीत ‘फायलम’चा, म्हणजे प्राण्यांच्या मोठ्या गटाचा, रकाना. जुन्या पुस्तकांत हायोलिथ मृदुकाय प्राण्यांजवळ, नाहीतर स्वतंत्र फायलममध्ये. 2017 मध्ये कॅनडाच्या बर्जेस शेलमधल्या हॅप्लोफ्रेंटिस या हायोलिथची संस्पर्शकं (तोंडाभोवतीचे मऊ तंतू) पाहून हायोलिथांना ब्रॅकिओपोडांचे, म्हणजे दोन शिंपल्यांच्या समुद्री प्राण्यांचे, नातलग ठरवलं गेलं. 2020 मध्ये चीनच्या चेंगजियांगमधल्या जीवाश्मांवरून दुसऱ्या गटानं ते नातं इतकं जवळचं नाही असं मांडलं. हा वाद मऊ अवयवांवरचा. माझ्या साच्यांत त्यांचा मागमूस नाही. मग मी कुणाची बाजू घेणार? सरळ ‘हायोलिथा, फायलम अनिश्चित’ असं लिहिलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी त्याला हरकत घेतली नाही. ते अडले दुसरीकडंच. “ऑर्थोथेसिडा कशावरून?”

“आडवा छेद गोल आहे, सर.”

“टोकाकडचा तुकडा असेल तर? तिथं हायोलिथिडाही गोल दिसू शकतो. तोंड दाखवा.”

तोंड शाबूत असलेले मोजकेच होते. तेवढ्यांपुढंच गणाचं नाव राहिलं, बाकीच्यांपुढं प्रश्नचिन्ह टाकून प्रबंध जमा केला.