तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या वर्षांत धंदा का नाही वाढवला?

‘एवढी वर्षं झाली, अजून एकच टेबल? वाढवत का नाही तुम्ही?’ मी लोकांची टॅक्सची रिटर्न्स भरून देते, आणि हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, नव्याने जीएसटी प्रॅक्टिशनर (सीए नसून जीएसटीची रिटर्न भरून देणारी) झालेली मुलं विचारतात, आणि सगळ्यात जास्त विचारतात ते क्लायंट, ज्यांनी मागच्या मार्चची फी अजून दिलेली नाही. आजवर मी हसून ‘झेपत नाही हो’ म्हणत आले. ते खोटं नाही, अर्धवट आहे. आता एकदाच सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवून देईन.

आधी कोरडी कारणं. मी सीए नाही. व्हॅटच्या काळात सेल्स टॅक्स प्रॅक्टिशनर म्हणून सुरुवात केली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, मग परीक्षा देऊन त्यातली प्रॅक्टिशनर झाले. रिटर्न भरते, नोटिशींना उत्तरं देते. पण आयकराच्या ऑडिटवर (जुन्या कायद्यातलं ४४ एबी) सही सीएचीच लागते. म्हणजे पार्टी लहान आहे तोवर माझी. उलाढाल वाढली, ऑडिट लागलं, की ती सीएकडे जाते आणि जाताजाता म्हणते, ‘आता जीएसटीपण तिकडेच एकत्र करून टाकतो, मॅडम.’ नियमच तसा आहे, तक्रार कुणाकडे करणार? पण ‘तुमचे मोठे क्लायंट कोण?’ असं विचारलंत की मी विषय का बदलते, ते आता कळेल.

दुसरं, महिन्याचं रहाटगाडगं. ११ तारखेला जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीचा तपशील, २० तारखेला थ्री-बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न. बिलं येतात १९ च्या रात्री, व्हॉट्सॲपवर, आडवे काढलेले फोटो, आणि त्यात हमखास एक पावती पेट्रोलची. पेट्रोल जीएसटीत नाही, हे मी किती जणांना सांगितलं असेल! १ जानेवारी २०२२ पासून सप्लायरने बिल दाखवलं नाही आणि ते टू-बीत, म्हणजे पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत, आलं नाही, तर खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिटही मिळत नाही. एका हार्डवेअरवाल्याला मी हे दर महिन्याला समजावते. त्याचं उत्तर ठरलेलं: ‘माल तर आलाय ना? मग?’

दोन माणसं ठेवली तर हे काम दुपटीने करता येईल, असं तुम्ही म्हणाल. येतं की. एक माणूस मी ठेवलंही होतं. आणि तिथेच खरं उत्तर आहे, जे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

एका कारखान्यातल्या कामगारांची रिटर्न्स वर्षानुवर्षं माझ्याकडे असायची. त्यांच्या युनियनचे खजिनदार जूनच्या शेवटी प्लॅस्टिकच्या पिशवीतून फॉर्म सोळांचा, म्हणजे पगाराच्या आणि कापलेल्या कराच्या दाखल्यांचा, गठ्ठा आणून टेबलावर ठेवायचे. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने मोबाइल नंबर, ओटीपीसाठी. त्या गठ्ठ्यावर ऑफिसचं भाडं निघायचं आणि एका मुलीचा पगारही. नुकतीच बी.कॉम. झालेली मुलगी, हाताला वेग आणि नजर बारीक. दुसऱ्या सीझनला ती न सांगता फॉर्म सोळा आणि खात्याकडच्या नोंदींची पत्रकं, २६ एएस आणि एआयएस, शेजारी उघडून ताडून बघायला लागली. एकाच्या बँकेच्या व्याजातला फरक तिने पकडला तेव्हा मी मनातल्या मनात दुसरं टेबल घेऊनसुद्धा टाकलं होतं.

२०२३ च्या जुलैत खजिनदार पिशवीशिवाय आले.

‘मॅडम, आमच्या शॉपमधल्या एकाला सदतीस हजार नऊशे साठ रुपये रिफंड आला. तुम्ही मला काढून दिलेत साडेसातशे. पगार सारखाच.’

‘कशातून आला?’

‘ते काय आपल्याला कळतंय! त्याचं रिटर्न भरणारा माणूस कारखान्याच्या गेटवरच येतो. रिफंडाच्या दहा टक्के घेतो, तेही पैसे आले तरच.’

मी ते रिटर्न मागवून घेतलं. पगारातलं करपात्र उत्पन्न ₹६,२०,०००. त्यातून ८० जीजीसीखाली राजकीय पक्षाला दिलेली देणगी ₹८०,००० आणि ८० ई खाली शिक्षणकर्जाचं व्याज ₹४२,००० वजा केलेलं. उत्पन्न पाच लाखांच्या आत आलं, ८७ एची, म्हणजे कमी उत्पन्नावरचा कर माफ करणारी, सूट लागली, कर शून्य, आणि कापलेला सगळा टीडीएस परत. हिशेब कसा चोख होता बघा, गरजेपेक्षा फक्त दोनच हजार जास्त दाखवले होते. त्या कामगाराची मुलगी सातवीत होती. शिक्षणकर्ज कुणाचं?

‘देणगी दिली होती का त्यांनी?’

‘नाही. पण पैसे आले ना.’

‘आत्ता दिलेत. विचारतील नंतर.’

‘सगळ्यांनाच आलेत, मॅडम. सगळ्यांना विचारतील?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर, नाही विचारणार, असंच मलाही वाटत होतं. मग ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, ‘तुम्ही पाच टक्क्यांत करून द्या. लोक तुमच्याकडेच राहतील, मी शब्द टाकतो.’ त्यात वाईट हेतू नव्हता. मला धरून ठेवायचा तो त्यांच्या परीने केलेला प्रयत्न होता.

मी नाही म्हटलं.

आता याचा मोठेपणा मला देऊ नका. तत्त्व होतं, पण भीती जास्त होती. त्या रात्री मी हिशेब मांडला होता: गठ्ठ्यातल्या निम्म्यांचा रिफंड, त्याचे पाच टक्के. जो आकडा आला त्यात दुसरं टेबल, एसी आणि मोठ्या जागेचं डिपॉझिट बसत होतं. तो कागद मी फाडला, पण लगेच नाही.

गठ्ठा गेला. मुलीला मी काढलं नाही. पगार काही महिने निम्मा करावा लागेल, एवढंच म्हटलं. तिने आठवडाभर विचार केला आणि त्याच माणसाकडे नोकरी धरली. जाताना पेढे घेऊन आली होती. मी काहीतरी खोचक बोलले असणार, कारण ती म्हणाली, ‘ताई, काम तेच आहे. तिथे फक्त लोक खूश होऊन जातात.’

या वाक्याशी मी अजून भांडते.

पुढचं तुम्ही पेपरात वाचलं असेल. आयकर खात्याचे एसएमएस आणि ई-मेल सुटले: खोट्या वजावटी घेतल्या असतील तर रिटर्न सुधारा. १४ जुलै २०२५ ला देशभरात दीडशे ठिकाणी छापे पडले, अशी रिटर्न्स भरून देणाऱ्यांवर. आधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी ₹१,०४५ कोटींचे दावे मागे घेतल्याचं खात्याने सांगितलं. म्हणजे सगळ्यांना विचारत होते.

खजिनदार आले. या वेळी पिशवी होती. त्यांचं स्वतःचं रिटर्नही त्यात होतं. मी पोर्टलवर त्यांचं प्रोफाइल उघडलं तर ई-मेल त्यांचा नव्हताच. नावापुढे चार आकडे चिकटवलेला, रिटर्न भरण्यापुरता काढलेला पत्ता. खात्याची पत्रं तिकडे जाऊन पडत होती आणि ते उघडणारं कुणीच नव्हतं. मी हिशेब करून दाखवला. २०२२-२३ चं अपडेटेड, म्हणजे मुदतीनंतर सुधारलेलं, रिटर्न भरायचं तर आलेला रिफंड परत, त्यावर व्याज, आणि त्या सगळ्या बेरजेवर आणखी ५० टक्के. पुढच्या वर्षाचंही तसंच असेल तर तिथे २५ टक्के. गप्प बसलात, नोटीस आली आणि माहिती खोटी दिल्याचं ठरलं, तर दंडच कराच्या २०० टक्के. दहा टक्के घेऊन गेलेल्याचा फोन बंद होता.

ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मग म्हणाले, ‘मॅडम, तेव्हा जरा जोरात सांगायचं ना.’

मला राग आला, हे तर झालंच. पण त्याआधी, ते पिशवी घेऊन दारात दिसले तेव्हा, मी खूश झाले होते. हे लिहायला नको होतं. पण तुम्ही खरं उत्तर मागितलंत.

फी मी घेतली, आणि नेहमीपेक्षा जास्त घेतली. त्यावरून बोलणीही खाल्ली: अडचणीतल्या माणसाकडून एवढी? दहा टक्के देताना मात्र कुणी घासाघीस केली नव्हती. एकेक अपडेटेड रिटर्न म्हणजे जुनं रिटर्न काढा, व्याज मोजा, चलन भरून घ्या, आणि समोरच्याची समजूत काढा. शेवटच्या कामाचे पैसे कोणत्याच दरपत्रकात नसतात. सगळ्यांनी भरलं असंही नाही. काही जण ‘बघू, आली तर’ म्हणून थांबले. काही जण ‘नोटीस मॅनेज करून देतो’ म्हणणाऱ्या आणखी एकाकडे गेले. तोही टक्क्यांवरच घेतो म्हणे.

तर वाढवलं का नाही? ज्या वेगाने वाढ तुम्हाला दिसते, त्यातली बरीचशी अशा गेटवरून येते, हे माझं एक उत्तर. ते मला आवडतं, कारण त्यात मी बरी दिसते.

पण २०१७ साली जीएसटी आला तेव्हाची मी त्याला मान्यता देत नाही. ती तुमच्याच बाजूची. तीन वर्षांत मोठं ऑफिस करणार होती ती. ती म्हणते, तूही गेटवर जाऊन बसायचं होतंस, खरं रिटर्न घेऊन. घरभाड्याच्या पावत्या जपून ठेवा, नवी करप्रणाली की जुनी ते आधी मोजून बघा, स्वतःचाच ई-मेल द्या, एवढं उभ्याउभ्या सांगणारं माणूस तिथे कुणीच नव्हतं. लोक खोटेपणाच्या ओढीने गेले असं तू म्हणतेस, पण तो त्यांच्यापर्यंत चालत आला आणि तू खुर्चीत बसून राहिलीस. मी म्हणते, ३१ जुलैच्या आधीच्या पंधरवड्यात गेटवर जायला वेळ कुणाला असतो? ती म्हणते, म्हणूनच माणसं ठेवायची असतात. मी म्हणते, ठेवलेल्या माणसाने केलेलं प्रत्येक रिटर्न मी रात्री पुन्हा उघडून बघत होते, मग वाचलं काय? ती म्हणते, तो तुझा स्वभाव, त्याला धंद्याचं नाव देऊ नकोस. इथे माझं बोलणं खुंटतं. अर्थात तिने कधी नोटिशीला उत्तर दिलेलं नाही, हेही आहेच.

त्या मुलीचा मध्यंतरी फोन आला होता. ‘ताई, जागा आहे का?’ बघते म्हटलं. काम आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला. तोंडपाठ असलेले कलमांचे आकडे आता मलाही नव्याने पाठ करायचे आहेत. आणि एआयएस तिच्याइतक्या बारकाईने बघणारं दुसरं कुणी मला मिळालेलं नाही. पण तिथे असताना किती रिटर्न्समध्ये तिने देणग्या टाइप केल्या, हे मी तिला विचारलेलं नाही. ठेवायच्या आधी विचारावं की ठेवल्यावर, की विचारूच नये, हेही ठरत नाहीये. पगाराचा आकडा मात्र मनाशी धरून बसले आहे, आधीच्या दीडपट.