दिवा मालवल्यानंतरचा प्रकाश

दिवा मालवल्यावर खोलीतला प्रकाश जातो कुठे, हा विज्ञानाच्या सरांचा प्रश्न मला या शाळेतून मिळालेली सर्वांत मोठी देणगी आहे. उत्तर लगेच न सांगता त्यांनी वर्गाला वाद घालू दिला, आणि मी पुढे भौतिकशास्त्राकडे वळलो तो त्या वादामुळेच.

भिंतींवरून परावर्तित होताना दर वेळी थोडा थोडा शोषला जात तो प्रकाश सेकंदाच्या एक लाखाव्या भागाच्या आतच उष्णतेत विरतो. हे मात्र भिंतींमुळे घडते. प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, आपणहून क्षय पावत नाही. वाटेत शोषून घेणारे काही भेटले नाही, तर त्याचा प्रवास अब्जावधी वर्षे चालू राहतो. विश्वाच्या आरंभानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी मोकळे झालेले फोटॉन आजही दर घन सेंटिमीटरमध्ये सुमारे चारशे इतके आहेत. आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन या शास्त्रज्ञांना आढळलेले हे प्रारण, म्हणजे या फोटॉनांचा सर्व दिशांनी येणारा प्रवाह, १९६५ साली जाहीर झाले. विश्वाच्या प्रसरणाने त्याची तरंगलांबी सुमारे अकराशे पटींनी वाढली आणि मूळचे ३००० केल्विन तापमान २.७ केल्विनपर्यंत उतरले, तरी निरनिराळ्या दिशांमधला लाखात एक भाग इतका सूक्ष्म फरक टिकून राहिला आणि पदार्थाच्या ज्या दाटीविरळतेतून पुढे दीर्घिका घडल्या, तिची नोंद त्यात वाचता येते.

मला त्याहूनही विलक्षण वाटतो तो १५७२ सालचा अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन अचानक तेजाळलेला तारा. खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे यांनी निरखलेला त्याचा थेट प्रकाश पृथ्वीला ओलांडून केव्हाच पुढे गेला. पण आंतरतारकीय धुळीवरून परावर्तित होऊन लांबच्या वाटेने आलेला त्याच स्फोटाचा प्रकाश २००८ मध्ये सुबारू दुर्बिणीने टिपला, आणि त्याच्या वर्णपटावरून तो स्फोट श्वेत बटू ताऱ्याचा, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या ताऱ्याचा, होता हे निश्चित झाले.

तरीही प्रकाश भूतकाळ जसाच्या तसा जपतो, असे मला म्हणवत नाही. एकट्या फोटॉनकडून फार थोडे कळते. असंख्य फोटॉन एकत्र आले तरच चित्र उमटते. शाळेच्या या मैदानावर प्रार्थनेच्या वेळी आमच्यावर पडलेले ऊन काही अंशी अवकाशात परावर्तित झाले आणि ते आजही दूर जात आहे, परंतु आता ते इतके विरळ झाले आहे की त्यातून आमच्या रांगा पुन्हा दाखवील अशी दुर्बीण बांधता येणार नाही. शिवाय दुर्बिणीतल्या संवेदकाने टिपलेला फोटॉन तिथेच शोषला जातो, आणि पुढे ती नोंद सांभाळण्याची जबाबदारी माणसावर येते. म्हणूनच हार्वर्ड वेधशाळेतल्या सुमारे पाच लाख जुन्या छायाचित्रण-काचपट्ट्यांवरचे आकाश संगणकीय रूपात उतरवण्याचे काम मला नव्या दुर्बिणीइतकेच मोलाचे वाटते.