कॉन्फ्लिक्ट आला नाही, म्हणून वैताग

हिंजवडीतल्या आमच्या टीमचा कोड गिटमध्ये असतो, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात. कुणीतरी मेनवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक मुख्य कोडमध्ये, ‘पेमेंट’ फोल्डरचं नाव बदलून ‘बिलिंग’ केलं. माझी ब्रँच (त्यातूनच फुटलेली, माझ्या कामाची वेगळी शाखा) त्याआधी काढलेली. मेन तिच्यात मर्ज करून, म्हणजे मिसळून, घेतलं, एकही कॉन्फ्लिक्ट (दोन्हीकडचे बदल जुळत नाहीत अशी गिटची तक्रार) नाही, आणि बिल्ड (कोडमधून प्रोग्रॅम तयार करणं) फुटला: म्हणे रिफंडची फाइल सापडत नाही. बघतो तर मी बदल केलेल्या जुन्या फाइल्स गुमान बिलिंगमध्ये गेलेल्या, पण नव्याने टाकलेल्या पेमेंटमध्येच बसलेल्या. शेजारचा म्हणतो, "अरे, कॉन्फ्लिक्ट नाही ना? मग झालं की!" झालं डोंबल.

गिट नाव बदलल्याची नोंद ठेवतच नाही. मर्जच्या वेळी मजकूर ताडून बघतं. एरवी 50 टक्के साम्य दिसलं की तीच फाइल समजतं. अख्खं फोल्डर हललंय हे ओळखणं 2018 मध्ये, गिटच्या 2.18 आवृत्तीपासून आलं. पण त्याला अट आहे: ज्या बाजूने नाव बदललं, तिथे जुनं फोल्डर पूर्ण रिकामं झालेलं हवं. आमच्या मेनवर पेमेंटमध्ये एक रीडमी (माहिती लिहिलेली फाइल) तशीच पडून होती! तेवढ्यावरून गिटच्या लेखी फोल्डर हललंच नाही.

माझ्या फाइल्स हाताने हलवता आल्या असत्या, पण बाकीच्यांच्या ब्रँचेसचं काय? म्हणून रीडमी उडवायचा पुल रिक्वेस्ट (बदल मेनवर घ्या अशी विनंती) टाकला. कुणी न वाचलेली फाइल, तरी अप्रूव्हल हवंच, आणि अप्रूव्ह करणारे साहेब भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये. फोनवरून बघतो म्हणाले. बघितलं घरी पोचल्यावर, जेवून.

मग आधीचा मर्ज मागे घेऊन पुन्हा केला. आता कॉन्फ्लिक्ट आला, ‘फाइल लोकेशन’चा, आणि मी चक्क खूश! फाइल गिटने बिलिंगमध्ये ठेवलेलीच असते. जागा बरोबर आहे ना बघायचं आणि ‘गिट ॲड’ या कमांडने मान्य करायचं. ‘मर्ज.डिरेक्टरीरिनेम्स’ हे सेटिंग ट्रू केलं तर हेही विचारत नाही. मी करणार नाही, विचारलेलं बरं.

‘नाव बदलायचं कमिट (गिटमध्ये एकदा केलेली बदलांची नोंद) वेगळं ठेवा’ हा सल्ला सगळे देतात. इतिहास वाचायला तो चांगलाच, पण मर्जला त्याचा उपयोग नाही. मर्ज दोन्ही ब्रँचेसची टोकं आणि त्या जिथून फुटल्या ते सामाईक कमिट एवढंच बघतो, मधलं नाही. त्यापेक्षा फोल्डर हलवणाऱ्याने पुश करण्याआधी, म्हणजे बदल सगळ्यांसाठी पाठवण्याआधी, जुन्या नावावर ‘गिट एलएस-फाइल्स’ (गिटकडे असलेल्या फाइल्सची यादी देणारी कमांड) चालवावं. एकही ओळ आली, तर काम अर्धवट आहे.