वर्षभर पुरलेली ट्यूब

मंगळवार, रात्री ११

सॅक रिकामी करताना आतल्या कप्प्यात सनस्क्रीनची ट्यूब सापडली. मागच्या वर्षी घेतलेली, अजून अर्धी शिल्लक. आधी बरं वाटलं, म्हटलं चांगली पुरली. मग हिशोब केला आणि वाईट वाटलं. चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं क्रीम लागतं, म्हणजे साधारण एक ग्रॅम. रोज लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब दीड-पावणेदोन महिन्यांत संपायला हवी. मी मात्र वाटाण्याएवढं लावून ‘एसपीएफ ३०’च्या, म्हणजे उन्हाने भाजण्यापासून किती संरक्षण मिळतं ते सांगणाऱ्या आकड्याच्या भरवशावर फिरत होते. तो आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेला असतो. माझ्या वाटाण्याला तो लागूच नव्हता.

ट्यूब शोधायला निघाले ती रविवारच्या सामन्यांमुळे. दिवसभर आभाळ होतं, म्हणून कुणी टोपीसुद्धा घातली नाही. पातळ ढगांतून अतिनील किरण बरेचसे खाली येतात, हे आम्हाला शिकवलेलं आहे, परीक्षेत लिहिलेलंही आहे. सोमवारी वर्गात माझा मित्र पुढच्या बाकावर बसला होता. सारखी कॉलर मागे ओढत होता. मान लालभडक, केसांच्या रेषेखाली जरा सुजलेली, कानांच्या पाळ्यासुद्धा लाल झालेल्या. मला बघवेना. म्हटलं, "काही लावलं नव्हतंस का रे?" तर म्हणाला, "मी काय मुलगी आहे का?"

या वाक्याचा मला मनापासून राग आला. त्याच्यापेक्षा आपल्या सगळ्यांचाच जास्त. ऊन म्हटलं की आपण फक्त रंगाचा विचार करतो. मुलींना सांगायचं ‘काळी पडशील’, आणि मुलांना रंगाची फिकीर नको म्हणून काहीच सांगायचं नाही. त्वचा रापते ती पेशींच्या डीएनएला इजा झाल्यावर, बचावासाठी. सावळ्या त्वचेला मेलॅनिन या रंगद्रव्याचा आधार जास्त असतो हे खरं, पण तो पुरा पडत नाही. सूर्यकिरण माणसात कर्करोग घडवतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्येच नोंदवलं आहे. त्यात मुलगा-मुलगी कुठून आलं?

ऊन एका दिवसाचं नसतं, ते साठत जातं. हॉस्टेल ते विभाग, विभाग ते लायब्ररी, झेरॉक्सची रांग. ‘पाच मिनिटं तर जायचंय’ म्हणत दिवसात किती पाच मिनिटं होतात, आज मोजली तर पाऊण तास भरला. लायब्ररीतली माझी खिडकीजवळची जागा वेगळीच. अतिनील किरणांतले त्वचा भाजणारे यूव्हीबी काच अडवते, पण त्वचेत खोल जाणारे यूव्हीए बरेचसे आत येतात.

आता सावलीकडे बघायची सवय लावतेय. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असली की ऊन कडक. आज दुपारी सावली पायाशीच होती, तेव्हा ओढणी डोक्यावरून घेतली आणि झाडांच्या कडेने गेले.

ट्यूब टाकून दिली, तिची मुदत गेल्याच महिन्यात संपली होती. उद्याच्या यादीत दोन ट्यूब लिहिल्यात. एक त्याच्यासाठी. मान बरी झाली की देईन.