मण्याचं वेज

पहिला मणी केला तेव्हा मला तो दिसलाच नाही. काच ज्योतीत धरली की भगभगीत पिवळा उजेड होतो आणि मणी त्यात बुडून जातो. हा काचेतल्या सोडियमचा उजेड, ५८९ नॅनोमीटर. हा आकडा मी कितीतरी वर्षं पेपरांत लिहिला, विद्यार्थ्यांना वर्णपटावर बोट ठेवून दाखवला. तो डोळ्यांत असा घुसतो हे मात्र ठाऊक नव्हतं. मग डिडिमियमचा चष्मा आणला. तो नेमका हाच पिवळा गाळतो. चष्मा लावून पाहिलं तर सळईवर काहीतरी नारिंगी, एका बाजूला लोंबलेलं. दिसत नव्हता तेच बरं होतं.

‘छंदासाठी नोकरी सोडली’ असं माझ्याबद्दल कौतुकाने सांगतात. ते खरं नाही. २०१३ साली अकार्बनी रसायनशास्त्रात पीएचडी झाली. मग पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत कंत्राटावर काम. प्रोजेक्ट आहे तोवर पगार, आणि मुदतवाढीचं पत्र सहा-सहा महिन्यांनी, तेही बहुधा मुदत उलटून गेल्यावर. कायम जागांची वयोमर्यादा मी तोवर ओलांडली होती. जुलै २०२१ला प्रोजेक्ट संपला आणि नवं पत्र आलं नाही. मी सोडलं असं म्हणण्यापेक्षा, पुन्हा रांगेत उभी राहिले नाही एवढंच.

मणीच का, तर आमच्या प्रयोगशाळेतल्या काच फुंकणाऱ्या काकांमुळे. फुटलेले फ्लास्क, तडकलेल्या व्हॅक्यूम लाइन घेऊन मी त्यांच्याकडे जायची आणि काम झालं तरी तिथेच रेंगाळायची. एकदा त्यांनी माझ्या हातात नळी दिली. ‘फिरवत राहा मॅडम. हात थांबला की ती खाली चालली.’ मी थांबले आणि ती चालली. ते हसले नाहीत, दुसरी नळी दिली.

घरच्या गच्चीवरच्या खोलीत मांडामांड करायला चार महिने गेले. सळया म्हणजे भोसरीत मिळणाऱ्या, टिग वेल्डिंगच्या २.४ मिलिमीटरच्या स्टीलच्या काड्या. त्यांना केओलिन आणि अ‍ॅल्युमिनाचा लेप द्यायचा, वाळवायचा आणि त्यावर वितळलेली काच गुंडाळायची. लेप नसेल तर मणी सळईला जन्माचा चिकटतो. ऑक्सिजनसाठी कोविडनंतर कुणाच्या तरी घरी पडून असलेला कॉन्सन्ट्रेटर स्वस्तात मिळाला. सगळ्यात जास्त वेळ गॅसने खाल्ला. स्वयंपाकाचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक लागतो, आणि त्याच्या अर्जावर ‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहायचं यावरून घरात दोन दिवस चर्चा. आई म्हणाली, ‘शास्त्रज्ञच लिही गं, खोटं थोडंच आहे.’

पहिली मोठी चूक मात्र शास्त्रज्ञालाच शोभणारी. इटलीतल्या मुरानोहून येणाऱ्या रंगीत काचेच्या कांड्या महाग, म्हणून मण्याचा गाभा प्रयोगशाळेतल्या टाकाऊ बोरोसिलिकेटचा, म्हणजे फ्लास्कच्या उष्णतारोधक काचेचा, केला आणि वर मऊ रंगीत काच चढवली. थंड होताना प्रत्येक मणी टक् करून फुटला. बोरोसिलिकेटचा प्रसरणांक, म्हणजे तापल्यावर काच किती फुगते आणि गार होताना किती आकसते त्याचं माप, ३३; त्या कांड्यांचा १०४. हे मी फळ्यावर शिकवलेलं! काकांना फोन केला तर म्हणाले, ‘हे तर तुम्हीच मला सांगायचात.’

रंगांत मात्र मजा आली. तांबं असलेली फिरोजी काच ज्योतीत ऑक्सिजन कमी केला की विटकरी लाल होते. हस्तिदंती रंगाच्या काचेवर ती टेकवली की दोहोंच्या सीमेवर काजळासारखी रेघ उमटते. आणि काळी म्हणून विकत घेतलेली कांडी ओढून केसाइतकी बारीक केली की जांभळी निघते. या सगळ्याची कारणमीमांसा मला झोपेतही सांगता आली असती. मणी मात्र तेव्हाही गोल येत नव्हता.

२०२२च्या दिवाळीआधी एका प्रदर्शनात चाळीस जोड कानातली विकली. आठवड्याभरात अकरा जणींचे फोटो आले, तडकलेल्या मण्यांचे. पैसे परत केले. मणी मी गरम राखेत पुरून हळूहळू गार करत होते आणि तेवढं पुरतं असं समजत होते. पुरत नाही. मऊ काच ५१० अंशांच्या आसपास तासभर ठेवून मग सावकाश उतरवावी लागते, नाहीतर आतला ताण तसाच राहतो आणि कधीतरी, बहुतेक गिऱ्हाईकाच्या कानात, सुटतो. त्यानंतर जुनी मफल भट्टी घेतली, तापमान नेमून ठेवता येणारी. आता पारदर्शक मण्यांची तपासणी लॅपटॉपवर करते. पडदा पूर्ण पांढरा करायचा, त्यापुढे मणी धरायचा आणि पोलराइज्ड गॉगलची काच फिरवून पडदा अंधारा करायचा. ताण असेल तर त्या अंधारात मणी उजळतो. अपारदर्शक मण्यांना ही सोय नाही, तिथे भट्टीवर भरवसा.

पैशांचं स्पष्ट सांगते. एका मण्याला मला बारा मिनिटं लागतात. रविवार पेठेत काचेचे मणी किलोवर मिळतात. हाथरस जिल्ह्यातल्या पुर्दिलनगरात घरोघरी हेच काम चालतं. आंध्रात पापानायडुपेटला काचेची लांब पोकळ नळी ओढून तिचे बारीक तुकडे करतात, म्हणजे एका ओढीत हजारो मणी. त्यांच्याशी भावात स्पर्धा करायचा विचारसुद्धा येत नाही. आजही माझी कमाई प्रयोगशाळेतल्या शेवटच्या पगाराच्या निम्मी आहे आणि संध्याकाळी बारावीच्या दोन शिकवण्या घेते. ‘एवढं शिकून मणी?’ असं विचारणाऱ्यांचा राग येत नाही. ‘किती धाडस!’ म्हणणाऱ्यांचा येतो, कारण ते मणी घेत नाहीत.

गेल्या वर्षी मंगळसूत्रासाठी काळे मणी करून पेठेतल्या एका पटवेकऱ्यांकडे, म्हणजे दागिने दोऱ्यात ओवून देणाऱ्यांकडे, नेले. त्यांनी गोलाई पाहिली नाही, चमक पाहिली नाही. दोरा ओवला आणि वेजाच्या कडेवर पाचसहा वेळा घासला. दोरा तुटला. ‘ताई, हे कापतंय. बाईच्या गळ्यात घालायचं आहे.’ मण्याची दोन्ही टोकं आत वळलेली हवीत, बोराला देठाशी खळगा असतो तशी. त्यासाठी सळईवर काचेचा पहिला वेढा किती रुंद घ्यायचा आणि त्यावर किती काच चढवायची, एवढंच बघायचं असतं. एवढंच जमायला मला सात महिने लागले.

फेब्रुवारीत पुन्हा गेले, बारा मणी घेऊन. त्यांनी दोरा घासला. मग दुसरा मणी, मग तिसरा. बाराही घासून झाल्यावर ते त्यांनी डबीत टाकले आणि विचारलं, ‘आठवड्याला किती देणार?’

मी म्हटलं, हिशोब करून सांगते. अजून सांगितलेलं नाही.